सागरी प्लवक आणि गंधकाचा जमाखर्च

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील सह्याद्रीचा माथा हा दोन समुद्रांमधील जलविभाजक होय. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी सुमारे 1465 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच परिसरातून निघणारी वैतरणा पश्चिमवाहिनी होऊन अरबी समुद्रात विलीन होते. ह्या दोन्ही नद्या केवळ पाणी वाहून नेत नाहीत. खडक, माती, शेते आणि वस्त्या यांतून विरघळून आलेले क्षारही त्या समुद्राच्या स्वाधीन करतात, आणि ह्या क्षारांत सल्फेटच्या रूपाने गंधक असते. पाण्याच्या परतीची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. समुद्राचे बाष्प मोसमी वाऱ्यांबरोबर सह्याद्रीवर येते आणि पाऊस होऊन पुन्हा त्याच डोंगरावर कोसळते. गंधकाचे मात्र तसे नाही. पाण्याची वाफ होताना क्षार मागेच राहतात, कारण सल्फेट बाष्परूप धारण करीत नाही. मग जे गंधक युगानुयुगे भूमीवरून समुद्राकडे वाहत आहे, ते भूमीस परत कसे मिळते?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. प्रत्येक सजीवास गंधकाची आवश्यकता असते. मिथिओनीन व सिस्टीन ही दोन अमिनो अम्ले गंधकयुक्त आहेत, आणि त्यांच्यावाचून प्रथिनांची घडण होत नाही. नाशिक, निफाड, लासलगाव या भागांतील ज्या कांद्यावर हजारो कुटुंबांचा संसार चालतो, त्याचा तिखटपणा हा गंधकाच्या संयुगांचाच गुण होय. जमिनीतील गंधक पिकांबरोबर आणि पाण्याबरोबर सतत निघून जात असेल, तर निसर्गात त्याच्या भरपाईची काही व्यवस्था असलीच पाहिजे. त्या व्यवस्थेचा एक महत्त्वाचा दुवा समुद्राच्या पृष्ठभागी तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांच्या हाती आहे. हे जीव गंधकाचे वायुरूप संयुग निर्माण करतात. आणि त्यांचेच शेजारी ते बहुतांशी खाऊन टाकतात. जे उरते तेवढेच हवेत जाते. ही निर्मिती, हा उपभोग आणि ही शिल्लक यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

परतीच्या वाटेचा शोध

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंधकचक्राचा ताळेबंद मांडताना भूरसायनशास्त्रज्ञ एका गृहीताचा आश्रय घेत असत. नद्यांतून समुद्राकडे जाणारे गंधक हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने परत येत असावे, असे ते गृहीत होते. दलदली, खाड्या व प्राणवायूरहित गाळ यांतून हा वायू निघतो, हे खरे. परंतु खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी प्राणवायू विपुल असल्याने तेथे तो फार काळ टिकू शकत नाही, त्याचे ऑक्सिडीभवन होते. तेव्हा गृहीत धरलेला वाहक आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांचा मेळ बसत नव्हता.

ह्या कोड्याचे उत्तर एका निराळ्याच दिशेने येत होते. 1935 साली हास ह्या रसायनशास्त्रज्ञाने पॉलिसायफोनिया नावाच्या तांबड्या समुद्रशैवालातून डायमिथिल सल्फाइड हा वायू बाहेर पडत असल्याचे दाखविले. 1948 साली लीड्स विद्यापीठातील फ्रेडरिक चॅलेंजर आणि त्यांचे सहकारी सिम्प्सन यांनी ह्या वायूचे जनक संयुग ओळखले. डायमिथिल-सल्फोनिओ-प्रोपिओनेट असे त्याचे लांबलचक नाव असून, सोयीसाठी त्याला डीएमएसपी व त्यापासून निघणाऱ्या वायूला डीएमएस असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्या वेळी ही शैवालांच्या रसायनातील एक किरकोळ गोष्ट समजली गेली. तिचे जागतिक महत्त्व प्रत्ययास येण्यास आणखी सुमारे पाव शतक जावे लागले. जेम्स लव्हलॉक यांनी अटलांटिक महासागराच्या सफरीत ठिकठिकाणचे पाणी तपासले, तेव्हा डीएमएस सर्वत्र आढळले. 1972 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, समुद्राकडून भूमीकडे गंधक नेणारा नैसर्गिक वाहक हायड्रोजन सल्फाइड नसून डीएमएस हाच असला पाहिजे. पुढील मापनांनी हे मत दृढ केले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनानुसार जगातील सर्व महासागरांतून ह्या वायूच्या रूपाने वर्षाकाठी सुमारे 2 कोटी 80 लक्ष टन गंधक हवेत जाते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सल्फेट सुमारे 28 मिलिमोल असते. उलट पृष्ठभागी डीएमएसचे सर्वसाधारण प्रमाण लिटरला अवघे काही नॅनोमोल भरते. म्हणजे समुद्रातील गंधकाचा सुमारे एक कोटीवा हिस्साच ह्या वायूच्या रूपात असतो. एवढ्या अल्प अंशावर एवढी मोठी वाहतूक चालते, याचे कारण तो अंश स्थिर नसतो. तो सतत निर्माण होत असतो आणि सतत नाहीसा होत असतो. मोजमापात जे आढळते ते ह्या दोन प्रवाहांमधील क्षणिक संतुलन होय.

पेशीतील साठा

समुद्रातील प्रकाशित थरात वनस्पति-प्लवक सल्फेट शोषून घेतात. सल्फेटमधील गंधक पूर्णपणे ऑक्सिडीभूत अवस्थेत असते. त्याचे क्षपण करून अमिनो अम्लात गुंफण्यास पेशीला पुष्कळ ऊर्जा खर्च करावी लागते. एका अणूमागे आठ इलेक्ट्रॉन मोजावे लागतात. असे असता अनेक प्लवक मिथिओनीनपासून डीएमएसपी तयार करून त्याचा मोठा साठा करतात. काही डायनोफ्लॅजेलेट आणि खडूसारखे कवच धारण करणाऱ्या एमिलियानिया हक्सलेयीसारख्या जातींच्या पेशीत ह्या पदार्थाचे प्रमाण 100 मिलिमोलच्याही पुढे जाते. अशा पेशीतील एकूण गंधकाचा बराच मोठा भाग ह्या एकाच संयुगात साठविलेला असतो.

एवढा खर्च कशासाठी? त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. बाहेरील खाऱ्या पाण्याशी परासरण-दाबाचे संतुलन राखण्यास पेशीला आत काही विद्राव्य पदार्थ हवा असतो, आणि डीएमएसपी हा प्रथिनांस इजा न करता हे कार्य करतो. ध्रुवीय समुद्रात तो शीतापासून संरक्षण देतो. प्रखर प्रकाशात किंवा पोषणाच्या टंचाईत पेशीमध्ये जे घातक ऑक्सिडीकारक निर्माण होतात, त्यांचा निरास करण्याचे सामर्थ्य डीएमएसपी व त्याचे विघटन-पदार्थ यांत आहे, असे 2002 साली दाखविण्यात आले. ज्या प्लवकांस नत्राची उणीव भासते, त्यांना परासरणासाठी नत्रयुक्त पदार्थ वापरणे परवडत नाही. समुद्रात गंधकाला तोटा नाही, म्हणून गंधकयुक्त पदार्थ वापरणे हे काटकसरीचे ठरते.

मात्र सर्वच प्लवक ह्या बाबतीत सारखे नाहीत. डायाटम ह्या सिलिकामय कवचाच्या प्लवकांत डीएमएसपीचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. नीलहरित जीवाणूंतही ते नगण्यच आढळते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. समुद्राचा हिरवेपणा, म्हणजे हरितद्रव्याचे प्रमाण, पाहून गंधकाच्या निर्मितीचा अंदाज बांधता येत नाही. पोषक क्षारांनी समृद्ध अशा पाण्यात डायाटम माजले, तर हिरवेपणा पुष्कळ व गंधक थोडे, अशी स्थिती संभवते. फार काळ जीवाणू हे संयुग बनवीत नाहीत असा समज होता. 2017 साली काही सागरी जीवाणूही ते तयार करतात, असे त्यास कारणीभूत असलेल्या जनुकासह सिद्ध झाले आहे.

पेशीभंग आणि वायूची मुक्तता

डीएमएसपी स्वतः वायू नव्हे. तो विद्युत्भारित, पाण्यात विरघळणारा पदार्थ असून निरोगी पेशीतून सहसा फारसा बाहेर पडत नाही. त्याचे रूपांतर होण्यास काय घडावे लागते, हे समजण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या राशींजवळ उभे राहिल्याने डोळ्यांस पाणी येत नाही. कांदा चिरला की येते. अखंड कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त पूर्वपदार्थ एका कप्प्यात आणि त्याचे विघटन करणारे ॲलिनेज हे एंझाइम दुसऱ्या कप्प्यात असते. सुरीने पेशी फुटताच दोहोंची गाठ पडते, आणि क्षणार्धात बाष्पनशील, झोंबणारे संयुग तयार होते.

एमिलियानिया हक्सलेयीसारख्या प्लवकाच्या पेशीतही तत्त्वतः हेच घडते. पूर्वपदार्थ व लायेज हे एंझाइम अखंड पेशीत परस्परांपासून दूर असतात. पेशी फुटली की डीएमएसपीच्या एका रेणूपासून डीएमएसचा एक रेणू व ॲक्रिलेटचा एक रेणू उत्पन्न होतो. ह्या प्लवकातील एंझाइमची निश्चित ओळख 2015 साली पटली. पेशी फोडण्याचे काम समुद्रात अनेक प्रकारे होते. कोपेपॉड आणि अन्य प्राणि-प्लवक पेशी चावून खातात. एकपेशीय भक्षक त्यांना गिळून पचवितात. विषाणूंच्या संसर्गाने पेशींची फूट होते. आणि बहराच्या अखेरीस पोषण संपले म्हणजे त्या आपोआप मरून विरघळतात. प्राणि-प्लवक चरू लागले की पाण्यातील डीएमएस वाढते, हे 1986 सालीच प्रयोगाने दाखविण्यात आले होते.

कांद्याच्या बाबतीत हा झोंबरेपणा किडींपासून संरक्षण देतो असे मानले जाते. प्लवकाच्या बाबतीत तसे आहे काय? 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एमिलियानियाच्या ज्या वाणांत एंझाइमची क्रियाशीलता अधिक होती, ते वाण एकपेशीय भक्षकांनी कमी खाल्ल्याचे आढळले. परंतु ह्या संरक्षणाला दुसरी बाजूही आहे. पाण्यात पसरलेला डीएमएसपी कित्येक सूक्ष्मजीवांस आकृष्ट करतो, असे 2010 साली निदर्शनास आले. आणि हवेत पसरणाऱ्या डीएमएसच्या वासाचा माग काढीत पेट्रेलसारखे समुद्रपक्षी अन्नाच्या जागी पोहोचतात, हे 1995 पासून ज्ञात आहे. जेथे प्लवक खाल्ले जात आहेत तेथे त्यांना खाणारेही आहेत, हा त्या वासाचा अर्थ पक्ष्यांनी ओळखला आहे. ज्याला समुद्राचा वास म्हणतात त्यात ह्या वायूचा वाटा मोठा आहे.

उपभोक्ते

फुटलेल्या पेशीतून बाहेर आलेल्या डीएमएसपीचा सर्वांत मोठा भाग डीएमएस होतच नाही. तो जीवाणूंच्या हाती पडतो, आणि त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गाने जीवाणू त्यातील एक मिथिल गट काढून घेतात व पुढे मिथेनथायॉल हे संयुग मिळवितात. त्यातील गंधक ते थेट आपल्या प्रथिनांत वापरतात. ह्या मार्गाचे प्रमुख जनुक 2006 साली सापडले. दुसऱ्या मार्गाने ते डीएमएसपीचे विदलन करतात. कार्बनचा अंश स्वतः खातात आणि गंधक डीएमएसच्या रूपाने सोडून देतात. ह्या मार्गाची निरनिराळी एंझाइमे 2007 पासून एकामागून एक उजेडात आली. पहिला मार्ग म्हणजे गंधक राखून ठेवणे, दुसरा म्हणजे गंधक सोडून देणे. समुद्रात सामान्यतः पहिल्याचे प्रमाण अधिक असते.

ज्या पाण्यात सल्फेटचा एवढा विपुल साठा आहे, तेथे जीवाणूंनी ह्या संयुगातील गंधकासाठी धडपड का करावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. क्षपण झालेले गंधक आयते मिळत असता सल्फेटवर ऊर्जा खर्च करणे अनावश्यक ठरते. समुद्राच्या पृष्ठभागी सर्वांत बहुसंख्य असलेल्या पेलाजिबॅक्टर ह्या जीवाणूने तर ही परावलंबिता टोकास नेली आहे. सल्फेटपासून स्वतःचे गंधक मिळविण्याची संपूर्ण यंत्रणाच त्याच्या जनुकसंचात नाही, आणि वाढीसाठी तो डीएमएसपी, मिथिओनीन अशा आयत्या पदार्थांवर अवलंबून असतो, असे 2008 साली दाखविण्यात आले. प्लवकांनी खर्च केलेल्या ऊर्जेवर अशा रीतीने समुद्रातील एक विशाल प्रजा पोसली जाते.

जे डीएमएस निर्माण होते, त्याच्याही वाट्याला अनेक शत्रू येतात. विशिष्ट जीवाणू त्याचे ऑक्सिडीभवन करून ऊर्जा मिळवितात. सूर्यप्रकाश स्वतः ह्या रेणूत शोषला जात नाही. परंतु पाण्यातील रंगीत सेंद्रिय द्रव्ये व नायट्रेट प्रकाश शोषून जे क्रियाशील पदार्थ निर्माण करतात, ते त्याचा नाश करतात. उरलेला अंश वाऱ्याच्या व लाटांच्या साह्याने पृष्ठभाग ओलांडून हवेत जातो. विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये केलेल्या व 1990 साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत असे आढळले की, हवेत निसटण्याच्या वेगापेक्षा जीवाणूंनी फस्त करण्याचा वेग कितीतरी अधिक आहे. सर्वसाधारणपणे निर्माण झालेल्या डीएमएसपैकी सुमारे दहावा हिस्साच हवेपर्यंत पोहोचतो.

ह्या आकड्याचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. समजा, निर्माण झालेल्या 100 भागांपैकी 90 भाग पाण्यातच नष्ट होतात व 10 भाग हवेत जातात. काही कारणाने पाण्यातील नाश 90 वरून 80 वर आला, तर निर्मितीत तसूभरही वाढ न होता हवेत जाणारे गंधक दुप्पट होईल. उलट नाश 95 वर गेला तर ते निम्मे होईल. मोठ्या जमेतून मोठा खर्च वजा होऊन जेव्हा अल्प शिल्लक उरते, तेव्हा खर्चातील थोडासा फरकही शिल्लकेला पालटून टाकतो. म्हणूनच केवळ निर्मितीचा अभ्यास करून समुद्राच्या देण्याविषयी काही सांगता येत नाही. उपभोक्त्यांची स्थिती जाणणे तितकेच, किंबहुना अधिक, आवश्यक असते.

सारगासो समुद्रातील निरीक्षणे हेच सांगतात. तेथे वनस्पति-प्लवकांचा बहर वसंतात येतो, पण डीएमएसचा उच्चांक उन्हाळ्यात, प्लवक विरळ असताना आढळतो. उन्हाळ्यात पृष्ठभागाचा मिश्रित थर उथळ होतो, तीव्र प्रकाशात डीएमएसपी-समृद्ध जाती टिकून राहतात, आणि त्याच प्रकाशातील अतिनील किरणांनी डीएमएस खाणारे जीवाणू मंदावतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. जमा थोडी असूनही खर्च आणखी कमी झाल्याने शिल्लक वाढते.

मापनाची रीत

एवढ्या सूक्ष्म प्रमाणाचे मापन कसे होते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांस उपयुक्त ठरावे. पाण्याच्या नमुन्यातून नायट्रोजन किंवा हीलियम यांसारखा वायू बुडबुड्यांच्या रूपाने सोडला असता विरघळलेले डीएमएस त्याच्याबरोबर बाहेर येते. ते अतिशीत नळीत गोठवून साठविले जाते आणि मग नळी तापवून वायु-वर्णलेखन यंत्रात सोडले जाते. तेथे हायड्रोजनच्या ज्योतीत गंधक विशिष्ट निळा प्रकाश देते. त्या प्रकाशाची तीव्रता मोजून प्रमाण काढता येते. डीएमएसपी मोजण्यासाठी नमुन्यात तीव्र अल्क मिसळले असता त्याच्या प्रत्येक रेणूपासून डीएमएसचा एक रेणू सुटतो, व तो त्याच यंत्राने मोजला जातो. उपभोगाचा वेग काढण्यासाठी गंधक-35 ह्या किरणोत्सर्गी समस्थानिकाने अंकित केलेले संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळून त्याचा माग घेतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पेशीतील व पाण्यातील डीएमएसपी वेगळे मोजावयाचे तर नमुना गाळावा लागतो. पंपाच्या ओढीने घाईने गाळल्यास नाजूक पेशी गाळणकागदावरच फुटतात, आणि पेशीतील साठा पाण्यात असल्याचा खोटा आकडा मिळतो. 2006 साली ही चूक स्पष्टपणे दाखवून देण्यात आली. केवळ गुरुत्वाकर्षणाने, थोडेच पाणी हळूहळू ठिबकू देणे हाच त्यावरील उपाय होय. कांदा मोजण्यापूर्वीच चिरला जाऊ नये, एवढेच त्याचे सार.

गोव्याचा किनारा

भारतात ह्या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ 1966 साली ह्या संस्थेची स्थापना झाली. तेथील शास्त्रज्ञांनी जुवारी नदीच्या मुखात, अरबी समुद्रात तसेच हिंदी महासागराच्या मोठ्या पट्ट्यात डीएमएस व डीएमएसपी यांची मापने केली. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, कांदोळी गावासमोर, सुमारे 27 मीटर खोलीच्या एका निश्चित ठिकाणी ही संस्था 1997 पासून वारंवार पाण्याचे नमुने घेत आली आहे. एकाच जागी वर्षानुवर्षे केलेल्या ह्या निरीक्षणांमुळे पश्चिम किनाऱ्यावरील समुद्राचे ऋतुचक्र तपशिलाने समजू शकले.

ते ऋतुचक्र असे. नैर्ऋत्य मोसमी काळात खालचे थंड, पोषक क्षारांनी युक्त परंतु प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे उथळ भागावर चढून येते. त्याच वेळी सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस व पश्चिमवाहिनी नद्यांचे पूर यांमुळे समुद्रावर गोड्या पाण्याचा काही मीटर जाडीचा हलका थर पसरतो. हा थर झाकणासारखा काम करतो. त्याच्या खालच्या पाण्याला हवेतील प्राणवायू मिळत नाही. वर प्लवकांचा बहर येतो. ते मरून खाली जातात, कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. मग जीवाणू नायट्रेटचा वापर करतात, आणि तेही संपले म्हणजे सल्फेटचा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड दिसू लागते. हिवाळ्याच्या आरंभी प्रवाहांची दिशा पालटते व पाणी पुन्हा प्राणवायुयुक्त होते. पश्चिम किनाऱ्यालगतचे हे प्राणवायू-न्यून क्षेत्र जगातील अशा प्रकारच्या किनारी क्षेत्रांत सर्वांत विस्तीर्ण मानले जाते.

2009 साली ह्याच कांदोळीच्या ठिकाणी, प्राणवायू संपलेल्या खालच्या पाण्यात, डीएमएसचे प्रमाण लिटरला 400 नॅनोमोलहून अधिक आढळले. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. खुल्या समुद्रातील नेहमीच्या प्रमाणाच्या तुलनेत हे शंभरपटीच्या आसपास जाते. विशेष हे की, हा साठा प्रकाशित, प्लवकसमृद्ध पृष्ठभागी नसून त्याखाली होता. येथे पूर्वी सांगितलेला जमाखर्चाचा न्याय पुन्हा प्रत्ययास येतो. बहरातील प्लवकांचे डीएमएसपी खाली उतरत राहते, म्हणजे जमा चालूच राहते. प्राणवायूवर जगणारे उपभोक्ते निष्प्रभ होतात, म्हणजे खर्च थांबतो किंवा मंदावतो. त्याखेरीज सल्फाइडयुक्त पाण्यात जीवाणू सल्फाइड व मिथेनथायॉल यांस मिथिल गट जोडून डीएमएस तयार करू शकतात, हाही एक संभव आहे. ह्यांपैकी कोणत्या क्रियेचा वाटा किती, हा पुढील संशोधनाचा विषय होय.

ही घटना स्थानिक असली तरी तिचा अर्थ मोठा आहे. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2000 साली असे प्रतिपादन केले होते की, ह्या किनाऱ्यावरील प्राणवायूची टंचाई तीव्र होत आहे, आणि शेतीतील खतांतून येणारे नत्र हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. नंतरच्या वर्षांत ह्या टंचाईची तीव्रता वर्षागणिक बरीच कमीअधिक होत असल्याचेही दिसून आले. तरीही सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील शेतात जे टाकले जाते त्याचा काही अंश पुराबरोबर समुद्रात पोहोचतो, यात संशय नाही. नत्राने प्लवकांची जमा वाढते. प्राणवायूच्या अभावाने उपभोक्त्यांचा खर्च बदलतो. दोन्ही बाजूंनी हिशेब हलला तर शिल्लक किती हलेल, हे आधी सांगणे सोपे नाही. झाकणरूपी गोड्या थराखाली साठलेला वायू वादळाने पाणी ढवळले जाऊन एकदम हवेत येईल, की वर येताच प्राणवायूयुक्त थरातील जीवाणू तो फस्त करतील, यावर पुष्कळ अवलंबून राहील.

ढग आणि भूमी

हवेत गेलेले डीएमएस एकदोन दिवसांतच ऑक्सिडीभूत होते. त्यापासून सल्फर डाय-ऑक्साइड, मिथेन-सल्फॉनिक अम्ल आणि अखेरीस सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. अशा कणांभोवती बाष्प जमून मेघबिंदू तयार होतात. ह्या आधारावर चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए व वॉरन यांनी 1987 साली एक धाडसी उपपत्ती मांडली. समुद्र तापला तर प्लवक अधिक डीएमएस सोडतील, त्यामुळे ढग अधिक शुभ्र होतील, सूर्यप्रकाश परावर्तित होईल आणि समुद्र पुन्हा निवेल, असा तिचा आशय होता. ह्या उपपत्तीने जगभर संशोधनास चालना दिली. परंतु 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत, ह्या साखळीतील प्रत्येक दुवा अपेक्षेहून दुर्बळ असून मेघबीजांचे अन्य स्रोतही महत्त्वाचे आहेत, असे दाखविण्यात आले. मोसमी काळात अरबी समुद्रावरील हवेत लाटांच्या तुषारांतील मिठाचे कण व अरबस्तानाकडील धूळ विपुल असते. तेव्हा सह्याद्रीवरील पावसाचे श्रेय प्लवकांस देणे अतिशयोक्तीचे होईल.

गंधकाच्या वाहतुकीविषयी मात्र तशी शंका उरत नाही. सल्फेटचे हे कण पावसाबरोबर किंवा कोरडेच खाली येतात. त्यांतील बराच भाग पुन्हा समुद्रातच पडतो. काही भाग वाऱ्याबरोबर भूमीवर पोहोचतो. मानवाने कोळसा जाळण्यास आरंभ करण्यापूर्वी, समुद्रतुषार आणि ज्वालामुखी यांच्या जोडीला, भूमीची गंधकाची तूट भरून काढण्यात ह्या वायूचा हिस्सा महत्त्वाचा होता. औद्योगिक युगात हा हिशेब पालटला. नाशिकजवळ एकलहरे येथे आहे तशा औष्णिक वीजकेंद्रांतून, वाहनांतून व कारखान्यांतून हवेत जाणारे गंधक आज जगभरात समुद्राच्या देण्याहून अधिक भरते, आणि त्याच्या जोडीस खतांतून व द्राक्षवेलींवरील भुरीच्या बंदोबस्तासाठी वापरल्या जाणाऱ्या भुकटीतून गंधक थेट शेतावर येते. तरीही भारतातील अनेक शेतजमिनींत गंधकाची उणीव आढळते. युरोपात कारखान्यांच्या धुरातील गंधक कायद्याने कमी केल्यावर, पूर्वी फुकट मिळणारे गंधक बंद झाल्याचे तेथील शेतकऱ्यांस तेलबियांच्या पिकावरून समजले. हवा शुद्ध करणे अगत्याचे आहे, आणि ती जसजशी शुद्ध होत जाईल तसतसा समुद्राचा वाटा पुन्हा ठळक होत जाईल.

तो वाटा किती राहील, हे मात्र पाण्यातील एका संसारावर अवलंबून आहे. कोणती जाती बहरते, तिला कोण खातो, सुटलेला वायू कोण पितो, आणि त्या उपभोक्त्याला श्वसनास प्राणवायू मिळतो की नाही, ह्या चार गोष्टींवर समुद्राची शिल्लक ठरते. त्यांपैकी शेवटची गोष्ट किनाऱ्यापासून दूर, घाटमाथ्यावरील शेतापर्यंत येऊन पोहोचते. ब्रह्मगिरीच्या उतारावरून जे पाणी वाहून जाते ते समुद्राला नुसते मिळत नाही. ते तेथील जमाखर्चात एक नोंद करते. त्या नोंदीचे उत्तर समुद्र हवेतून देतो, आणि ते नीट वाचावयाचे तर केवळ वायू मोजून भागणार नाही. तो निर्माण करणारे व तो संपविणारे अशा दोन्ही जीवांची गणना एकाच वेळी, एकाच ठिकाणी आणि वर्षानुवर्षे करावी लागेल. कांदोळीसमोरील निरीक्षणांनी ह्या कामाचा आरंभ करून दिला आहे. कोकणच्या उर्वरित किनाऱ्यावर, विशेषतः वैतरणेसारख्या नद्यांच्या मुखांशी, तशा निरीक्षणांस अद्याप पुष्कळ वाव आहे.